तंबूचं दुसरं टोक

रविवार, ११ जानेवारी २०२६

सहाला उठलो. सव्वासहाला पाणी आलं, पिंप भरला. चर्चमध्ये नऊच्या उपासनेला गेलो, मागच्या बाकावर बसलो. घरी येऊन भात लावला, कालची आमटी गरम केली. दुपारी थोडा झोपलो. संध्याकाळी कबरस्तानात जाऊन कडेचं गवत काढलं. अनुपमाला जाऊन आज चार महिने झाले.

ही डायरी कंपनीची. दर जानेवारीत मिळते. दरवर्षी मी ती आणून अनुपमाला द्यायचो आणि ती तिच्यात गाणी आधी कच्ची लिहायची. यंदाही मिळाली. पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली ती आठवडाभर तिथंच पडून होती. कोणाला देऊ ते कळेना, म्हणून मीच लिहायला घेतली आहे. मला लिहायची सवय नाही. कुरकुंभला प्लांटवर लॉगबुक भरतो तेवढंच. प्रेशर, टेम्परेचर, सही.

गुरुवार, १५ जानेवारी

फर्स्ट शिफ्ट. तीन नंबरचा पंप आवाज करत होता, सील बदललं.

घरी आलो तर विक्रम दारात उभा, हातात डबा. आमच्या दौंडच्या चर्चमधल्या गायन मंडळात तो पेटी वाजवतो. रेल्वेतून मागच्या वर्षी रिटायर झाला. डब्यात त्याच्या बायकोनं, तेजश्रीनं केलेली मेथी आणि दोन भाकरी होत्या. "उरलं म्हणून आणलं," म्हणाला. तेजश्रीचा अंदाज हल्ली चुकतो असं दिसतं. दर गुरुवारी त्यांच्याकडं काहीतरी उरतंच.

बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "सुदर्शन, मेळाव्याला सहा तारखेला निघायचंय. सुट्टी टाकलीस का?"

न्हावऱ्याच्या पुढं, शिरूरच्या अलीकडं, सावळाराम आबांचं रान आहे. दर फेब्रुवारीत तिथं तीन दिवस स्तुतिगानाचा मेळावा भरतो. नगर, श्रीरामपूर, सोलापूर, पुणे, सगळीकडून गायन मंडळं येतात आणि रानातच तंबू ठोकून राहतात. आम्ही चौदा वर्षं जातोय. अनुपमा आणि तेजश्री गाणार, विक्रम पेटीवर, सत्यजीत तबल्यावर. मी तंबूवर.

मी म्हणालो, "बघतो."

"बघतो काय? तुझ्याशिवाय तंबू कोण उभा करणार? सत्यजीत?"

सत्यजीत माझ्याच कंपनीत स्टोअरला आहे. एकदा त्यानं हौसेनं दोन खुंट्या ठोकल्या होत्या, तर पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले आणि कापड त्यांच्या डोक्यावर आलं. तो किस्सा विक्रमनं पुन्हा सांगितला. मीही हसलो.

तंबू माझ्याकडं आहे आणि तो उभा करता फक्त मला येतो, त्यामुळं त्यांना मला नेणं भाग आहे. नाही म्हटलं तर तिघांची अडचण होईल. उद्या सुट्टीचा अर्ज देतो.

रविवार, १८ जानेवारी

उपासनेनंतर तिघंही घरी आले. तेजश्रीनं अनुपमाची गाण्यांची वही मागितली. मी लोखंडी कपाटातून काढून दिली. चार महिन्यांत मी ती उघडली नव्हती.

आमच्यात गाणं लिहायची एक पद्धत आहे. वर डाव्या कोपऱ्यात 'चाल' असं लिहून पुढं कुठल्यातरी जुन्या गाण्याची पहिली ओळ लिहायची. ती ओळ वाचली की गाणाऱ्याला कळतं, हे शब्द कुठल्या सुरात म्हणायचे. आमच्याकडं सूर कोणी लिहून ठेवत नाही. अनुपमाच्या वहीत एक्केचाळीस गाणी आहेत. चाळीस गाण्यांवर चाल लिहिलेली आहे. शेवटच्या गाण्यावर 'चाल' आणि पुढं दोन टिंबं. त्यापुढं काही नाही.

गाणं मागच्या वर्षीच्या मेळाव्यानंतर वहीत उतरवलेलं आहे, १२ फेब्रुवारी अशी तारीख आहे. तेजश्रीनं मोठ्यानं वाचलं.

एक रातिचे घर हे माझे,
खुंटी ठोक नि दोर ताण तू;
वारा सुटला तरि ना भीती,
धरुनी दुसरे टोक उभा तू.

हे ध्रुपद. पुढं चार कडवी आहेत. शेवटच्या कडव्यात असं आहे:

सकाळ झाली, सोडिन मी तर
घडी घालशिल शांतपणे तू.

वाचून झाल्यावर विक्रम म्हणाला, "देह म्हणजे तंबू, आणि प्रभू घडी घालणार. किती सरळ लिहिलंय." तेजश्रीनं पदरानं डोळे पुसले. सत्यजीत म्हणाला, "हेच म्हणायचं यंदा."

"पण चाल?" तेजश्री म्हणाली.

"लावायची राहून गेली असणार. नंतर दवाखानाच सुरू झाला," विक्रम म्हणाला.

मला नाही वाटत. अनुपमा चाल धरल्याशिवाय शब्द लिहीत नसे. हे मी बोललो नाही. गाण्यातलं मला काय कळतं? तिनं नवीन गाणं घरी मला कधी ऐकवलंही नाही. मेळाव्यात ऐका, म्हणायची. सराव विक्रमच्या घरी व्हायचा आणि मी बहुतेक सेकंड शिफ्टला असायचो.

ते गेल्यावर मनात आलं, विक्रमला ती चाल माहीत असेल आणि तो सांगत नसेल. मग वाटलं, तो कशाला लपवेल? असले विचार आता फार येतात.

शुक्रवार, २३ जानेवारी

विक्रमच्या घरी सराव होता. मला उगाच बोलावलं. कोपऱ्यात बसलो.

रंगुबाई आल्या होत्या. त्या आमच्या मंडळीत सगळ्यांत मोठ्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. दोन चाली लावून पाहिल्या, शब्द बसेनात. तेव्हा रंगुबाई म्हणाल्या, "आगं, आमची आई दळताना एक म्हणायची. तिला बसंल बघ हे." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. आवाज कापत होता, पण ठेका पक्का. सत्यजीतनं तबल्यावर लगेच पकडला. शब्द बसले. तेजश्री टाळ्या वाजवायला लागली.

"म्हातारे, इतकी वर्षं कुठं लपवून ठेवली होतीस?" सत्यजीत म्हणाला.

"तू कवा इचारलंस? तुला माझ्याकडनं निसती भाकर पायजे असती."

सगळे हसले. रंगुबाई लाजल्या. त्यांच्या आईची चाल आजवर कोणी मागितली नव्हती.

विक्रम माझ्याकडं वळला. "सुदर्शन, तू सांग. गाणं अनुपमाचं आहे. ही चाल लावायची का?"

चौघंही माझ्याकडं पाहत होते. चाल चांगली होती. उड्या मारणारी होती. मला आवडली का नाही, ते मला कळलं नाही. मी म्हणालो, "लावा."

शनिवार, ३१ जानेवारी

तंबू गच्चीवर काढून पाहिला. एके ठिकाणी शिवण उसवली होती, दाभणानं घातली. बारा खुंट्या, दोन बांबू, सहा दोर, सगळं आहे. दोरांच्या गाठी अनुपमाच्या आहेत. ती गाठ घट्ट मारायची आणि सोडताना मला नखं लावावी लागायची. सोडल्या नाहीत.

हा तंबू एकट्याला उभा करता येत नाही. एका बांबूला मी, दुसऱ्याला ती. "सोडू नका हं," असं ती तिकडून ओरडायची. मी कधी सोडला नाही, तरी दरवर्षी ओरडायची.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

रात्रीचे सव्वाआठ. आबांच्या रानात, तंबूत बसून लिहितोय.

सकाळी आठला सत्यजीतच्या गाडीनं निघालो. पाटस, चौफुला, मग पारगावच्या पुलावरून. भीमेला पाणी बरं होतं. उसाच्या ट्रॉल्यांमुळं वेळ लागला. पुढं सत्यजीत आणि विक्रम, मागं मी आणि तेजश्री. आमच्या मधे पेटी ठेवली होती. मागच्या वर्षी ती डिकीत होती.

रान तेच. बाजरी निघालेली, धसकटं पायाला टोचतात. विहिरीजवळचं चिंचेचं झाड, त्याखाली सामाईक स्वयंपाक. तरुण पोरांनी यंदा ऑनलाइन मागवलेले तंबू आणलेत, झटकले की उघडतात, छत्रीसारखे. आमचा एकच जुना, पिवळट. नगरचे लोक लांबूनच म्हणाले, "दौंड आलं बघा."

दुसरा बांबू सत्यजीतनं धरला. मी दोर ताणला की तो बांबूसकट माझ्याकडं येई. "अरे, उभा राहा ना एका जागी," मी म्हणालो. "उभाच आहे, जमीन सरकतीये," तो म्हणाला. तीनदा केलं तेव्हा कापड ताठ झालं. अनुपमा आणि मी वीस मिनिटांत करायचो. आज पाऊण तास लागला.

खुंट्या ठोकत होतो तेव्हा सावळाराम आबा येऊन उभे राहिले. रान त्यांचं. ते माळकरी आहेत, तरी तिन्ही दिवस संध्याकाळी येऊन मागं बसतात. गाणं कोणाच्याही देवाचं असलं तरी कानाला बरं लागतं, म्हणतात.

"बाईंचं कळलं," ते म्हणाले. "वाईट झालं."

"हो आबा."

पायानं एक खुंटी दाबून पाहिली. मग म्हणाले, "औंदा गप गप ठोकताय."

"म्हणजे?"

"मागल्या साली खुंट्या ठोकताना तुमचं आपलं चाललं व्हतं की तोंडातल्या तोंडात. दर सालीच आसतं. बाई तिकडं दोर धरून हसत व्हत्या. मंग खाली बसल्या आन् वहीत काय तरी लिवायला लागल्या. म्या म्हन्लं, काय हिशेब मांडला का काय बाईंनी."

मला आठवलं नाही. काम करताना मी गुणगुणतो असं अनुपमाही म्हणायची. माझं मला कळत नाही. शाळेत मास्तरांनी मला समूहगीतातून उठवून बसवलं होतं, तेव्हापासून मी चारचौघांत तोंड उघडलेलं नाही. चर्चमध्येसुद्धा फक्त ओठ हलवतो. अनुपमाला ते माहीत होतं.

ती कशावर हसत होती ते विचारायला हवं होतं. आबा तोवर विहिरीकडं गेले होते.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सकाळी दव फार पडलं होतं. तंबू बाहेरून ओलाचिंब. चहा, पोहे. दिवसभर मंडळांचं गायन. सोलापूरच्या मंडळानं ढोलकीवर भजन म्हटलं ते छान झालं. एका पोरांच्या बँडच्या वेळी लाइट गेली, आबांनी जनरेटर आणून दिला.

दौंडचा नंबर संध्याकाळी साडेपाचला आला. विक्रमनं माइकवर सांगितलं की गाणं आमच्या अनुपमाताईंचं आहे, त्या आता प्रभूकडं आहेत, त्यांचे पती इथं बसले आहेत. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मी खाली पाहिलं.

गाणं रंगलं. दुसऱ्या कडव्याला लोक टाळ्या धरायला लागले आणि तिसऱ्याला निम्मं मैदान ध्रुपद म्हणत होतं. रंगुबाई दुपारी पाळकसाहेबांच्या गाडीनं आल्या होत्या; त्यांना खुर्चीवर पुढं बसवलं होतं, त्या मान डोलवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. 'धरुनी दुसरे टोक' पाशी टाळ्या इतक्या मोठ्या व्हायच्या की शब्द ऐकूच येत नव्हते. शेवटचं कडवंही त्याच उड्या मारत गेलं. 'सकाळ झाली, सोडिन मी तर' वर कोणीतरी शिट्टी वाजवली.

मला वाईट वाटलं, आणि एवढे लोक आनंदानं म्हणत असताना वाईट वाटलं याचीही लाज वाटली.

आबा माझ्या शेजारी पोत्यावर बसले होते. म्हणाले, "गानं बाईंचंच हाय का ह्ये?"

"हो."

"मागल्या साली म्हणत व्हत्या तसं न्हाई वाटत."

मी विचारलं, कधी म्हणत होत्या. आबांनी आठवून सांगितलं. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी पहाटे ते मोटर चालू करायला गेले तेव्हा अनुपमा विहिरीच्या कठड्यावर बसून हेच खुंटी-दोर म्हणत होती. एकटीच. "संथ व्हतं. पाटाचं पानी जातं ना, तसं. ह्यातलं काय बी न्हवतं त्यात, ढाम ढूम."

"म्हणून दाखवता येईल का आबा?"

"छ्या. मी टाळ धरनारा मानूस. ऐकलं तर वळखंन."

म्हणजे चाल होती. माझं म्हणणं खरं होतं. पण ती एका पहाटे विहिरीवर म्हटली गेली आणि तेव्हा मी तंबूत झोपलो होतो.

रविवार, ८ फेब्रुवारी

समारोप झाला. पहिल्या तीन गाण्यांत आमचं गाणं आलं. ही तीन गाणी मेळाव्याच्या पुस्तिकेत छापतात, आणि पुस्तिका सगळ्या मंडळ्यांत जाते. छापून आलं की मग ते तसंच म्हटलं जातं, कायमचं. त्यासाठी एक कागद भरून द्यायचा असतो. गाण्याचे शब्द, लिहिणाराचं नाव, चाल, आणि घरच्या माणसाची सही. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

विक्रमनं कागद माझ्या हातात दिला. "सावकाश भर," म्हणाला. मी म्हणालो, "तूच भर, मी सही करतो." त्यानं कागद परत घेतला.

येताना गाडीत तिघं गाणं म्हणत होते. पारगावच्या पुलावर तेजश्रीनं माझा हात धरला आणि विचारलं, "भाऊजी, बरं वाटलं ना तुम्हाला?" मी हो म्हणालो. ती बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिली. गाडी लागत असेल तिला, खिडकी उघडून दिली.

तंबू ओलाच गुंडाळला आहे. वाळवायला हवा.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सेकंड शिफ्ट. पाच महिने. सकाळी कबरस्तानात गेलो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सहा दिवस तंबू तसाच राहिला होता. कुबट वास यायला लागला, म्हणून आज सुट्टी होती तर गच्चीवर नेऊन पसरला. एक बाजू कठड्याला बांधली, दुसरी ताणून टाकीच्या पाइपला. मधे वाऱ्यानं फुगत होता, म्हणून खुंट्यांची पिशवी वजनाला ठेवली. मग बादली घेऊन चिखलाचे डाग घासत बसलो. ऊन चांगलं होतं.

खालून पुतळाबाईंनी हाक मारली. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. "सुदर्शनभाऊ, आज बरंय का?"

"का हो?"

"न्हाई, गुणगुणताय. लई दिसांनी आवाज आला. अनुपमाताई म्हणायच्या, ह्यांचा रेडिओ लागला की समजायचं काम नीट चाललंय."

मी गप्प झालो. आणि गप्प झाल्यावर मला कळलं की मी काहीतरी म्हणत होतो. काय म्हणत होतो ते आठवून पाहिलं तर आठवेना. पुन्हा ब्रश हातात घेतला, घासायला लागलो, मुद्दाम दुसरीकडं लक्ष ठेवलं. थोड्या वेळानं ते आपोआप आलं. हळू आहे. वर जातं, थांबतं, आणि खाली येतं. मी ते कुठं शिकलो नाही. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, सायकल पुसताना तेही असंच काहीतरी करायचे. त्याला शब्द कधीच नव्हते.

मी ब्रश खाली ठेवला आणि ध्रुपद त्यावर म्हणून पाहिलं. हळू, पुतळाबाईंना ऐकू जाणार नाही असं.

बसलं. एक मात्रा इकडं-तिकडं नाही. वर जाऊन जिथं थांबतं तिथं 'दोर ताण' येतं, आणि खाली येतं तिथं 'उभा तू'.

डाग तसेच राहिले. मी टाकीला टेकून बराच वेळ बसलो होतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

कालचं नीट लिहितो, कारण कोणाशी बोललेलो नाही.

तिनं 'चाल' लिहून पुढची जागा रिकामी ठेवली, कारण तिथं लिहायला काही नव्हतं. तिथं जुन्या गाण्याची पहिली ओळ लिहितात. ज्याला शब्दच नाहीत त्याची पहिली ओळ काय लिहिणार? माझं नाव लिहिलं असतं तर सगळे हसले असते. मीही हसलो असतो.

सव्वीस वर्षं तिनं ते ऐकलं. मला वाटायचं, तिला त्याचा त्रास होत असेल. गाणारी बाई, आणि घरात सतत बेसूर.

शब्द मात्र प्रभूला उद्देशून आहेत. विक्रमही तसंच म्हणाला. अनुपमानं मला कधी 'तू' म्हटलं नाही, 'अहो'च म्हणायची. तेव्हा ते तसंच आहे.

विक्रमला सांगायला हवं. कागद अजून गेलेला नाही. सांगायचं म्हणजे त्याच्यासमोर म्हणून दाखवावं लागेल. तो पेटीवर सूर शोधील आणि म्हणेल, पुन्हा म्हण.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये सत्यजीतच्या शेजारी बसलो. त्यानं मोबाइलवर दाखवलं. आमच्या गाण्याचा व्हिडिओ कोणीतरी टाकला आहे, श्रीरामपूरच्या रविवारच्या शाळेतली मुलं तेच गाणं म्हणतायत असा दुसरा व्हिडिओ आला आहे. मुलं टाळ्या वाजवत उड्या मारत होती. 'एक रातिचे घर' ला हातांनी तंबूचा आकार करत होती.

"वहिनी असत्या तर खूश झाल्या असत्या," सत्यजीत म्हणाला.

"हो," मी म्हणालो. झालीच असती.

मग त्याला म्हणालो, "चाल वेगळी असती तर?"

"कुठली वेगळी?"

"असंच. संथ वगैरे."

"संथ असती तर पोरांनी म्हटलं असतं का?" तो म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. "का रे? काय झालं?"

"काही नाही. कुरकुंभ चौक आला वाटतं," मी म्हणालो. चौक मागंच गेला होता.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

कंपनीतून येताना भाजी घेतली. वांगी, कोथिंबीर.

चर्चच्या दारात रंगुबाई बसल्या होत्या. मी सलाम केला. त्यांनी हात धरून शेजारी बसवलं. म्हणाल्या, पुस्तिकेत चालीपुढं त्यांच्या आईच्या ओवीची पहिली ओळ छापून येणार असं विक्रमनं सांगितलं आहे.

"आमच्या आयचं नाव कुटंच न्हाई रं," त्या म्हणाल्या. "ना कागदावर, ना कबरीवर. लाकडाचा क्रूस व्हता, त्यो बी वाळवीनं खाल्ला. आता निदान ती म्हणायची ती वळ तरी र्‍हाईल."

मी त्यांना घरापर्यंत सोडून आलो.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

विक्रम आला. डबाही होता, पिठलं. कागद भरून आणला होता. अक्षर सुंदर आहे त्याचं. लेखिका, दिवंगत अनुपमा सुदर्शन रणपिसे, दौंड. चाल, आणि पुढं रंगुबाईंची ओळ. खाली सहीची जागा.

मी चष्मा लावून सगळं वाचलं. पेन हातात होतं. आता सांगितलं असतं तर वेळ होती. तोंडात शब्द आले होते. विक्रम, तिची चाल मला सापडली आहे, एवढंच म्हणायचं होतं.

विक्रम वाट पाहत होता. मग तोच म्हणाला, "तुला काही बदलायचं असलं तर सांग. चार महिने झाले, तू काही बोलतच नाहीस. आम्ही तुला विचारलं आणि तू 'लावा' म्हणालास, पण तुझा चेहरा..."

"पाच महिने," मी म्हणालो.

"हो. पाच."

मी सही केली. रंगुबाईंची ओळ तिथं शोभत होती. ती एका बाईची आहे जिचं काहीच उरलं नाही. आमचं निदान घर आहे, वही आहे. आणि ते दुसरं, त्याला एकच माणूस ऐकणारं होतं. त्या माणसापुरतंच ते होतं असं मला वाटतं. मैदानावर ते कसं लागलं असतं, कोण जाणे.

विक्रमनं कागद घडी करून खिशात ठेवला. उठताना म्हणाला, "काही म्हणायचं होतं का तुला?"

"नाही. चहा टाकू?"

"टाक," तो म्हणाला आणि परत बसला. बोलायला त्याच्याकडंही फारसं काही नव्हतं. तरी तो साडेसातपर्यंत बसून होता. तेजश्री जेवायला थांबली असेल, मीच त्याला दोनदा आठवण केली.

वहीतली रिकामी जागा मी तशीच ठेवली आहे.

रविवार, १ मार्च

उपासनेत आज तेच गाणं झालं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

भात, कालची वांगी. दुपारनंतर गच्चीवर गेलो. तंबू पंधरा दिवस वाळतोय, आता कडक झाला आहे. उन्हानं रंग उडायच्या आत आवरायला हवा होता.

त्याची घडीही दोघांची आहे. दोन टोकं एकीनं धरायची, दोन दुसऱ्यानं, मग एकमेकांकडं चालत यायचं. एकट्यानं कशी घालायची ते आधी सुचेना. खालून पाटा आणला, दोन टोकं त्याच्याखाली दाबली. मी दुसरी दोन धरून मागं गेलो, ताणलं, सुरकुती काढली, आणि टोकं घेऊन पाट्याकडं चालत आलो. पुन्हा मागं गेलो. पाटा हलला नाही.

पुतळाबाई गावाला गेल्या आहेत. गच्चीवर कोणी नव्हतं. पहिल्या घडीला ध्रुपद म्हटलं, मग कडवी. घाई केली नाही. शेवटच्या कडव्याला कापड हाताएवढं झालं होतं. त्यावर गुडघा ठेवून हवा काढली, अनुपमाच्या गाठीचा दोर वरून गुंडाळला, पिशवीत भरला. खुंट्या मोजल्या, बारा. पाटा खाली नेऊन धुतला आणि जागेवर ठेवला. पिशवी पलंगाखाली सरकवली.